कोण नाही, ते आधी बघा

आमचं महाविद्यालय लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मी संख्याशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं 'स्वयम्' व 'एनपीटीईएल'च्या ऑनलाइन कोर्सचं समन्वयाचं कामही बघते. हे काम कुणी हौसेने मागून घेत नाही. स्टाफ मीटिंगला जो नसतो त्याच्या गळ्यात ते पडतं.

आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून चालवलेलं एनपीटीईएल २००३ पासूनचं, आणि स्वयम् जुलै २०१७ मधलं. सुरुवातीला दोन-चार हुशार मुलं नाव घालायची आणि बाकीच्यांना त्याचं देणंघेणं नसायचं. पुढे २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय अशा कोर्समधून घ्यायची मुभा दिली, मग नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे लागू झालं, आणि 'क्रेडिट' हा शब्द आमच्या शिपाईमामांच्याही तोंडी बसला. नाव नोंदवणं फुकट आहे, त्यामुळे नोंदणीचा आकडा बघून छाती फुगते. शेवटी परीक्षेला किती बसले हे विचारलं की मात्र विषय बदलला जातो.

'आपल्याकडची पोरंच आळशी' हे स्पष्टीकरण मला कधी पटलं नाही. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात जस्टिन राइश आणि होजे रुइपेरेझ-वालिएंते यांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सचे आकडे मांडले. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला होता. तिथे जर ही गत, तर आमच्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. माझं मत असं बनलंय की मुलं सोडून जातात, कारण ती गेली हे कुणाच्या लक्षातच येत नाही. अभ्यासक्रम कंटाळवाणा असला तरी चालतो. आपण नसलो तर कुणीतरी विचारणार आहे, एवढं माहीत असलं की मूल रडतखडत का होईना, टिकतं.

१. गैरहजेरी हाताने मोजावी लागते

वर्गात एखादा आला नाही की बाक रिकामा दिसतो. शेजारचा न विचारता सांगतो, "मॅडम, त्याच्या मामाचं लग्न हाय." ऑनलाइन कोर्स सोडून गेलेलं मूल काहीच रिकामं ठेवून जात नाही. यादीत त्याचं नाव तसंच असतं, ग्रुपमध्ये त्याचा फोटो तसाच असतो.

म्हणून मी हजेरीची लांब वही ठेवते. एक्सेलमध्ये सगळं असतंच, पण फाइल उघडावी लागते. वही टेबलावर उघडीच पडलेली असते. आमच्या बहुतेक कोर्सची असाइनमेंट भरायची मुदत बुधवारी रात्री संपते. गुरुवारी सकाळी पहिल्या तासाआधी मी मेंटरच्या खात्यातून बघते आणि ज्यांनी भरलेली नाही त्यांच्या नावापुढे लाल गोल करते. एका गोलाला मेसेज, सलग दुसऱ्याला फोन. तिसऱ्याची वाट बघायची नाही. तीन आठवड्यांचं साचलं की मूल बघायलाच घाबरतं, आणि घाबरलेलं मूल फोन उचलत नाही.

मेसेज त्याचा त्याला पाठवायचा. 'खालील विद्यार्थ्यांनी असाइनमेंट सादर केलेली नाही' अशी यादी ग्रुपवर टाकायची आपल्याकडे फार हौस. ज्यांची नावं त्यात येतात ती संध्याकाळपर्यंत ग्रुप सोडतात आणि आपण मोकळे होतो.

फोनवर काय विचारायचं यावर बरंच अवलंबून असतं. "का नाही भरलीस?" असं विचारलं की "रेंज नव्हती मॅडम" हे उत्तर ठरलेलं. ते खरं असतं, आणि ढाल म्हणूनही तेच असतं. मी विचारते, "शेवटचा कुठला व्हिडिओ बघितलास?"

"दुसऱ्या आठवड्यातला. प्रोबॅबिलिटीचा."

"कुठपर्यंत?"

"ते बेझचं आलं की बंद केला."

झालं. रेंजचा प्रश्न नाही, बेझच्या प्रमेयाचा आहे. त्याला उद्या स्टाफरूमबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं द्यायची, बाकीचं तो बघतो. या एका प्रश्नाने जेवढी मुलं परत आणली तेवढी प्रेरणादायी व्याख्यानांनी आणलेली मी पाहिली नाहीत. प्रेरणादायी व्याख्यानं तशीही गेलेल्यांपर्यंत पोचत नाहीत. ती ऐकायला आलेली मुलं आलेलीच असतात.

२. पहिलं लॉगिन कॉलेजात, सगळ्यांनी मिळून

नोंदणी घरी करायला सांगितली की निम्मी मुलं ईमेलच्या पासवर्डमध्येच अडकतात. तो ईमेल दहावीनंतर सेतू केंद्रातल्या दादाने काढून दिलेला असतो, आणि पासवर्ड त्या दादालाच माहीत. म्हणून संगणक कक्षात एक दुपार घालवायची. खातं उघडायचं, प्रमाणपत्रावर नाव कसं हवं ते नीट टाइप करायचं, पहिला व्हिडिओ पाच मिनिटं बघायचा, आणि सरावाची असाइनमेंट तिथेच भरून मगच उठायचं. 'सबमिट' एकदा स्वतःच्या बोटाने दाबलं की निम्मी धास्ती जाते.

३. फोन कुणाचा आहे, ते विचारा

'विद्यार्थ्याकडे स्मार्टफोन आहे का?' या रकान्यात सगळे 'होय' लिहितात. खरा प्रश्न फोन दिवसातून किती वेळ त्याच्या हातात असतो हा आहे. वडील सकाळी फोन घेऊन आडतीवर जातात, संध्याकाळी धाकटा भाऊ गेम खेळतो, आणि थोरलीच्या वाट्याला तो येतो रात्री साडेदहाला. रोजच्या दीड जीबीतलं जे उरलं असेल ते बारा वाजता संपणार, म्हणून ती त्या दीड तासात व्हिडिओ उरकते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात डुलक्या घेते, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पोरी रात्रभर मोबाईलवर असतात.

यावर तांत्रिक उपाय साधे आहेत. व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायचे. चित्राची गुणवत्ता १४४ वर आणली तरी फळ्यावरचं गणित वाचता येतं. व्याख्यानाची लेखी प्रत मिळते, ती छापून द्यायची. काही कोर्सची मराठीतली प्रतही उपलब्ध आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना व्हिडिओचा वेग पाऊणपट करायला शिकवायचं. हे शेवटचं कुणी सांगत नाही. प्राध्यापकांचं इंग्रजी कठीण नसतं, ते फक्त भरभर असतं.

घरातली गोष्ट मात्र तंत्राने सुटत नाही. मुलगी फोन घेऊन बसली की आईला तो टाइमपास वाटतो. त्यात आईची चूक नाही. बाकी सगळं घर फोनवर टाइमपासच करत असतं. एका वर्षी मी मराठीत अर्ध्या पानाचं पत्र तयार केलं: आपली पाल्य अमुक विषयाचा कोर्स करते आहे, तो मोबाईलवर असतो, त्याचे गुण पदवीत धरले जातात, दर बुधवारी रात्री ८ ते १० तिला फोन लागेल. खाली माझी सही आणि महाविद्यालयाचा जांभळा गोल शिक्का. इतर कशाहीपेक्षा तो शिक्का उपयोगी पडला. एका घरी ते पत्र देवघराशेजारी, लाइट बिल अडकवतात त्या खिळ्याला लावलेलं मी पाहिलं. तिच्या आजीला वाचता येत नाही, पण बुधवार आला की तीच नातवाच्या हातातून फोन काढून घ्यायची.

४. अर्ध्या तासाचा व्हिडिओ सलग कुणी बघत नाही

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'एडएक्स'वरच्या व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. सहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ लागला की लक्ष ढळतं, हा त्यांचा निष्कर्ष. आमचे व्हिडिओ अर्ध्या तासाचे. ते कापणं माझ्या हातात नाही, पण प्रश्न आधी देणं माझ्या हातात आहे. सोमवारी मी तीन प्रश्न पाठवते आणि कुठला प्रश्न कितव्या मिनिटाच्या आसपास सुटतो तेही लिहिते. मुलं तेवढंच बघतील, अशी शंका एका सहकाऱ्याने काढली. बघू देत की! तीन ठिकाणी थांबून पाहिलेला व्हिडिओ पूर्ण लावून ठेवून भाजी निवडण्यापेक्षा बरा.

आणि वही हवी. रोडिगर आणि कार्पिक यांचे २००६ चे प्रयोग प्रसिद्ध आहेत: तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. आपल्या आज्या पाढे म्हणून घ्यायच्या त्यातही हेच होतं. मी आठवड्याला एका पानाचा फोटो मागते, व्हिडिओ बंद करून लिहिलेल्या. अक्षर, शुद्धलेखन काही बघत नाही. एका मुलाच्या पानाच्या समासात बारीक अक्षरात '१२.४० ला थांबलो', '१७.०५ कळालं नाही, परत', '१७.०५ परत' असं लिहिलेलं असायचं. कुठे शिकवायचं ते मला त्या समासातून कळायचं, त्याच्या गुणांतून नाही.

५. कॅमेऱ्याचा हट्ट सोडा

रविवारी रात्री गूगल मीटवर अर्धा तास शंकासत्र असतं. सगळे कॅमेरे बंद. नव्या शिक्षकांना हा अपमान वाटतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅस्टेली आणि सर्वरी यांनी २०२० मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांना याची कारणं विचारली, तर सर्वांत मोठं कारण निघालं, आपण कसे दिसतो याचा संकोच. मागे दिसणारी खोली आणि घरातली माणसं हीदेखील कारणं होतीच. ही अमेरिकेतली मुलं. आमच्याकडे मागे पत्र्याची भिंत असते, वसतिगृहात दोरीवर सहा जणींचे कपडे असतात. कॅमेरा चालू करायचा तो कुणाच्या समाधानासाठी?

त्याऐवजी प्रश्न बदलावेत. "आवाज येतोय का?" "येस मॅडम." "समजलं का?" "येस मॅडम." एवढ्यावर अर्धा तास निघतो आणि सत्र 'प्रतिसादात्मक' झाल्याचा अहवाल जातो. मी आता ज्याचं उत्तर 'येस मॅडम' होऊच शकत नाही तेच विचारते: "मध्यक काढा आणि चॅटमध्ये आकडा टाका. मी म्हणेपर्यंत पाठवायचं नाही." मग "पाठवा" म्हटलं की वीस-पंचवीस आकडे एकदम पडतात. त्यात चार चुकीचे असतात आणि सत्र तिथून सुरू होतं. एखाद्याला नाव घेऊन बोलवायचं असेल तर त्याला दुपारीच कळवते, तिसरा प्रश्न तुझा आहे. अचानक बोट दाखवलं की लाजरं मूल 'नेटवर्क गेलं' म्हणून बाहेर पडतं.

६. गट एसटीच्या गाडीप्रमाणे करा

सगळ्या वर्गाचा एकच व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे शुभ सकाळ, वाढदिवस आणि हरवलेलं ओळखपत्र. तिथे कुणी शंका विचारत नाही. गट चार-पाच जणांचे हवेत. ते हजेरी क्रमांकाने पाडले तर कागदावर छान दिसतात आणि एकमेकांशी कधी बोलत नाहीत. गुणांप्रमाणे, हुशार एक आणि कच्चे तीन असेही केले. त्यात हुशार मूल महिनाभरात वैतागतं.

चालले ते गाडीप्रमाणे केलेले गट. एकाच मुक्कामी गाडीने येणारी मुलं सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास एकत्र असतात, ओळख आधीपासून असते, आणि एकाच्या फोनवर उतरवलेला व्हिडिओ चौघांना पुरतो. बुधवारच्या परतीच्या गाडीत मागच्या बाकांवर असाइनमेंटवरून वाद चालतो, असं कंडक्टरनेच मला एकदा सांगितलं. शिवाय एक गाडीला नव्हता तर तिघांना ते त्याच दिवशी कळतं. माझ्या वहीतला लाल गोल त्यापुढे फार उशिरा उमटतो.

वसतिगृहातल्यांचे गट खोलीप्रमाणे करून पाहिले, ते तितके चालले नाहीत. रोज एकाच खोलीत राहणाऱ्यांची भांडणंही तिथलीच असतात.

७. पंचांग आणि पीकपाणी बघून वेळापत्रक

जुलैच्या सत्रातला बारा आठवड्यांचा कोर्स म्हणजे वाटेत गणपती, गौरी, नवरात्र, सोयाबीनची काढणी आणि विद्यापीठाच्या परीक्षेची चाहूल. गौरीच्या आठवड्यात मुलींच्या वहीची पानं कोरी असतात, काढणीच्या आठवड्यात मुलांची आणि मुलींची दोघांची. मजूर मिळत नाही आणि पाऊस वर टांगलेला असतो, तेव्हा घरच्या पोराने शेतात जायला हवं, याबद्दल मला त्याला एक शब्द बोलायचा नसतो.

नियम इथे आपल्या बाजूने आहे. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सला उत्तम सहा. म्हणजे बारा आठवड्यांत चार सुट्ट्या मंजूरच आहेत. मुलांना हे माहीत नसतं. एक चुकली की सगळं गेलं असं समजून ती पुढचं सोडतात. पहिल्याच दिवशी मी एक तक्ता वाटते आणि प्रत्येकाला स्वतःच्या सुट्ट्या आधीच खुणा करायला लावते. 'सोयाबीन' असं लिहून दोन आठवडे खोडणारा मुलगा तिसऱ्या आठवड्यात परत येतो. न सांगता बुडालेला सहसा येत नाही.

८. हजार रुपयांचं बोलणं लवकर काढा

कोर्स फुकट, पण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला हजार रुपये. ही रक्कम ऐन वेळी कळली की मूल घरी मागतच नाही. त्याच 'सायन्स'मधल्या आकड्यांत पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांपैकी मात्र ४६ टक्के लोक कोर्स पुरा करणारे निघाले. पैसे भरले की जीव गुंततो हे खरं, पण ज्याच्याकडे आहेत त्याचा. फी-सवलत कुणाला लागू होते ते बघणं, महाविद्यालयाच्या निधीतून थोडी परतफेड मिळवून घेणं, आणि हे सगळं नोंदणीच्या तारखेआधी जाहीर करणं, हे समन्वयकाचंच काम. त्यासाठी लेखाविभागात हेलपाटे घालावे लागतात, तेही घालावेत.

९. पैकीच्या पैकी गुणांनी भुलू नका

असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर मिळतात, आणि आता एआयला विचारलं की तीही सोय आहे. वहीत एकही लाल गोल नाही, दर आठवड्याला दहापैकी दहा, आणि मूल कधीच सोडून गेलेलं! अशांना शोधणं सर्वांत अवघड, कारण नोंदीत ती सर्वांत गुणी दिसतात.

मी त्यांना पकडायच्या भानगडीत पडत नाही. फक्त हिशेब मांडून दाखवते. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्राला परीक्षेत किमान ३० हवेत, आणि त्या खोलीत टेलिग्राम नसतं. मग व्हरांड्यात चालता चालता दोन मिनिटं विचारते, "या आठवड्यातला कुठला प्रश्न आवडला?" ज्याने केलंय तो एखाद्या प्रश्नाबद्दल तक्रार करतो. न केलेला म्हणतो, "सगळेच चांगले होते मॅडम." त्याला त्या आठवड्यापासून वहीचं पान सक्तीचं. कुठून उतरवलंस हे विचारत नाही. विचारलं तर तो पुढची दोन मिनिटं खोटं बोलण्यात घालवेल आणि मग माझ्या वाटेला फिरकणार नाही.

१०. सोडायचं असेल तर सांगून सोडा

काहींनी सोडणं योग्यच असतं. स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघालेली असते, घरी आजारपण असतं, किंवा विषयच चुकीचा निवडलेला असतो. एका मुलीला डेटाबेसच्या कोर्समधले फक्त दोन आठवडे हवे होते, तेवढे तिने नीट केले आणि थांबली. तिला मी गळतीत धरत नाही, वरच्यांचा तक्ता धरत असला तरी.

अट एकच: मला येऊन सांगायचं. वहीत त्यांच्या नावापुढे निळ्या पेनने 'जाने.' लिहिते, कारण जानेवारीत पुढचं सत्र असतं आणि बरेच कोर्स पुन्हा लागतात. डिसेंबरअखेर यादी आली की पहिले फोन या निळ्या नावांना. मागच्या वेळी एकाला फोन केला तर पलीकडून वडील बोलले, "तो रानात हाय. कोर्सचंच काम हाय न्हवं? बुधवारचा फोन त्याला देतो म्हणून लिहून घ्या."